शिबिराला पाठवायचं, पण कशासाठी?

पत्र थोडक्यात

उत्तर नागपुरातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगी पंधरा वर्षांची, नुकतीच नववी झाली. घर ख्रिस्ती, रविवारची उपासना सहसा न चुकवणारं. चर्चच्या तरुण संघाचं पाच दिवसांचं निवासी शिबिर मे महिन्यात चिखलदऱ्याला आहे आणि आईला तिला पाठवायचं आहे. "लहानपणी संडे स्कूलमध्ये वचनं घडाघडा म्हणायची. नाताळच्या नाटकात दरवर्षी असायची. गेल्या वर्षी माझे सासरे खूप दिवस आजारी होते, ते गेले. आता ही चर्चमध्ये मागच्या बाकावर बसते, गाणी म्हणत नाही, घरी प्रार्थनेला बसलो की फोन घेऊन आतल्या खोलीत जाते. एकदा मला म्हणाली, आपण सगळ्यांनी उपास केला, पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले, तरी आजोबा का गेले? मी म्हटलं, देवाची इच्छा. त्यावर काही बोलली नाही. शिबिराला गेली तर ताळ्यावर येईल असं सासूबाईंना वाटतं, मलाही वाटतं." वडिलांचं म्हणणं, दहावीच्या व्हेकेशन बॅचचे पाच दिवस बुडवायचे नाहीत. मुलीचं म्हणणं, फोन जमा करून घेतात तिथे जायचंच नाही, आणि गेलेच तर वर्गातली जिवलग मैत्रीण सोबत हवी. ती मैत्रीण बौद्ध घरातली आहे. "जबरदस्ती करावी का?" असं आई विचारतात.

उत्तर

ताई,

जबरदस्ती करू नका. पण शिबिराचा विचार सोडूही नका, कारण या वयाच्या पोरांना अशा शिबिरातून खरोखर काहीतरी मिळतं. फक्त ते तुम्हाला आणि सासूबाईंना हवं आहे तेच असेल असं नाही.

तुमचं मूळ पत्र बरंच मोठं आहे. त्यात फोनबद्दल जवळजवळ पानभर मजकूर आहे आणि सासऱ्यांबद्दल मोजून चार ओळी. मला मात्र सगळं पत्र त्या चार ओळींतच सापडलं. ज्या मुलीने आजोबांसाठी उपास केला, ती देवाला कंटाळलेली नाही. ती रुसलेली आहे, आणि रुसायला समोर कोणीतरी आहे असं वाटावं लागतं. तिने प्रश्न विचारला तो तुम्हाला, म्हणजे घरात जिच्याकडून उत्तराची आशा होती तिला. "देवाची इच्छा" हे उत्तर चुकीचं आहे असं मी म्हणत नाही, तुम्ही स्वतःला त्याच शब्दांनी सावरलं असेल. पण पंधराव्या वर्षी ते ऐकताना "आता पुढे विचारू नकोस" असंच ऐकू येतं. मग मागचा बाक आणि आतली खोली. फोन हे निमित्त आहे हो. फोन नसता तर पुस्तक घेऊन गेली असती.

मी ख्रिस्ती नाही, पण शिकले मिशनच्या शाळेत आणि पुढे बरीच वर्षं शाळांमधून समुपदेशनाचं काम केलं. त्यामुळे तुमच्या पवित्र शास्त्रात काय आहे हे थोडंफार कानावरून गेलंय. तेरावं स्तोत्र "कोठवर?" या प्रश्नानेच सुरू होतं ना? परमेश्वरा, कोठवर मला विसरणार, असा सरळ जाब आहे त्यात. तुमची लेक जे विचारते आहे ते धर्माच्या बाहेरचं नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. ते आईने सांगितलं तर उत्तम, पण या वयात आईचं पटतंच असं नाही, आणि शिबिराचा खरा उपयोग इथे सुरू होतो.

पंधरा-सोळाच्या पोरांना आईबाप आणि शिक्षक सोडून तिसरं मोठं माणूस लागतं. आपल्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी ताई किंवा दादा, जो कॉलेजात आहे किंवा नुकताच नोकरीला लागलाय, ज्याला आपल्या मार्कांशी घेणंदेणं नाही आणि जो आपल्या आईला ओळखत असला तरी तिच्याकडे चहाडी करणार नाही. आपल्या गल्ल्यांमध्ये पूर्वी अशी माणसं आपोआप भेटायची. आता शाळा, शिकवणी, घर या तिकोनात ती भेटत नाहीत. चर्चच्या शिबिरात गटप्रमुख म्हणून नेमकी हीच मंडळी असतात. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू वल्हांडण सणानंतर यरुशलेमेतच मागे राहतो, आणि तीन दिवसांनी मरीया-योसेफांना सापडतो तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकताना आणि प्रश्न विचारताना. मला ही गोष्ट शाळेत सांगितली तेव्हा "आईबापांना न सांगता कुठे जाऊ नये" या अंगाने सांगितली होती! मला वाटतं, त्यात घरच्यांखेरीज इतर मोठ्यांशी बोलायची या वयाची भूकही दिसते.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. शिबिरात जेवण झालं की आपलं ताट आपण घासायचं असतं. नळावर रांग लागते, पाणी बारीक येतं, वरणाच्या तुपाचा तवंग साबण लावूनही बोटांना चिकटून राहतो. घरी कधी ताट न उचललेली नागपूरची पोट्टी तिथे घासणी उलटी धरून उभी असते आणि परतवाड्याची नाहीतर चंद्रपूरची कुणीतरी "दे इकडं" म्हणून हातातून घेते, दोन फिरक्यांत ताट स्वच्छ करून देते. व्यासपीठावरून दिलेल्या प्रवचनांपेक्षा या नळावर जास्त ओळखी होतात. रात्री दिवे बंद झाल्यावर गादीवर पडून जी कुजबुज चालते, तिच्यात तर वडिलांची दारू, परीक्षेची भीती, कुणावर जीव जडलाय, सगळं निघतं. या मुलींना पुन्हा रोज तोंड दाखवायचं नसतं, म्हणून बोलणं सोपं जातं. आपल्या लेकीला तिथे कळू शकतं की आणखी कुणाचे तरी आजोबा, कुणाची तरी आई प्रार्थना करूनही गेली आहे.

अशा शिबिरांमागे हा विचार पहिल्यापासून आहे. १८४४ साली लंडनमध्ये वायएमसीए ही ख्रिस्ती तरुणांची संघटना निघाली ती दुकानांत राबणाऱ्या तरुणांसाठी. त्याच संस्थेच्या समनर डडली नावाच्या कार्यकर्त्याने १८८५ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मूठभर मुलांना एका तळ्याकाठी तंबूत राहायला नेलं, आणि ते शिबिर आजतागायत चालू आहे. स्काउट चळवळीची सुरुवातही १९०७ च्या ब्राउनसी बेटावरच्या शिबिरातून झाली. तिथे चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी बड्या शाळांतली आणि कामगारांच्या घरातली मुलं मुद्दाम एकत्र ठेवली होती. तुमची मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, कुठल्या परंपरेतली ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण वेगवेगळ्या सहा परंपरांच्या मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी, आपल्या नागपुरातच. तेव्हा निरनिराळ्या ठिकाणच्या, निरनिराळ्या चालीच्या माणसांनी एका पंगतीत बसणं तुमच्या चर्चला नवं नसावं.

आता काळजीची बाजू, आणि ही मी जरा सविस्तर लिहिते, कारण शिबिराची पत्रकं ती लिहीत नाहीत.

शेवटची रात्र. शेकोटी असो की हॉलमधल्या मेणबत्त्या, त्या रात्री गाणी संथ होतात, साक्षी, म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सगळ्यांसमोर सांगणं, सुरू होतात, एक रडलं की दहा रडतात. चार रात्रींची अपुरी झोप त्यात असते. काही मुलांसाठी हा क्षण खराच असतो आणि पुढे आयुष्यभर टिकतो. माझ्या ओळखीत अशी माणसं आहेत. पण काही मुलं केवळ इतर उभी राहिली म्हणून उभी राहतात आणि घरी आल्यावर आठवड्याभरात तो ताप उतरला की स्वतःलाच खोटं समजू लागतात. तुमच्या मुलीसारख्या, मनात एक जखम घेऊन गेलेल्या मुलीवर त्या रात्री "आजच निर्णय घे" असा दाब आला तर एकतर ती मोडेल किंवा कायमची पाठ फिरवेल. म्हणून शिबिरप्रमुखांना आधीच विचारा: मुलांना सगळ्यांसमोर बोलायला लावता का? नाही म्हणणाऱ्याला नाही म्हणू देता का? चांगला प्रमुख या प्रश्नाने रागावत नाही. येशूचा शिष्य पेत्र यालाही डोंगरावर दिव्य दर्शन झाल्यावर तीन मंडप बांधून तिथेच राहायचं होतं, आणि येशू शिष्यांना खाली घेऊन आला, हे शिबिरप्रमुखांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

याच भेटीत आणखी काही विचारायचं आहे. मुलींच्या खोल्यांच्या जवळ रात्री कोण महिला झोपणार? एखादा मोठा माणूस एकट्या मुलाशी वा मुलीशी बंद खोलीत बोलणार नाही, निदान इतरांच्या नजरेच्या टप्प्यात बोलेल, असा नियम आहे का? "आपलीच माणसं आहेत हो" हे उत्तर पुरेसं नाही. अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना २०१२ चा पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा लागू आहे आणि काही गैर घडल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं त्या कायद्याने बंधनकारक आहे, पाळक असोत की स्वयंसेवक. मुलीला १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबर पाठ असू द्या. तो शिबिरापुरता नाही, एरवीही असावा. चिखलदऱ्याला देवी पॉइंट, पंचबोल, भीमकुंड अशा जागी कडे आहेत आणि पोरांना फोटोचा सोस. फोन जमा असले तर निदान तेवढं तरी टळेल, पण गट किती जणांचा आणि सोबत मोठी माणसं किती, ते विचारा. रात्री कुणी आजारी पडलं तर घाट उतरून परतवाड्याला, पुढे अमरावतीला न्यायला गाडी उभी असेल का, हेही. पाळीचं सामान, गोळ्या, गाडी लागत असेल तर घाटासाठीची तयारी, हे तुम्ही पाहालच.

वडिलांच्या दहावीबद्दल फार लिहित नाही. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास असते आणि शिबिर मे महिन्यात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, म्हणजे सुट्टीही लांब. नागपूर पंचेचाळीस अंशांवर तापलेलं असताना पत्र्याच्या क्लासमध्ये बसलेल्या पोराच्या डोक्यात काय शिरतं हे मला कुणी सांगावं. क्लासवाल्यांकडून पाच दिवसांच्या नोट्स मागून घ्या. साहेबांना माझा निरोप द्या: दहावीचं वर्ष लांब असतं, आणि मनात प्रश्न अडकलेली मुलगी त्या वर्षात अभ्यासालाही बसत नाही.

मैत्रिणीचं मात्र नीट हाताळावं लागेल. मुलीने ती अट घातली ती एकटं पडण्याच्या भीतीने, त्यात गैर काही नाही. तरुण संघ इतर धर्मांच्या मुलांना घेतो का ते आधी विचारा. घेत असेल तर तुम्ही स्वतः त्या मैत्रिणीच्या घरी जा, फोनवर नको. "चिखलदऱ्याची सहल आहे, थोडी प्रार्थना असते" असं गुळमुळीत सांगू नका. सकाळी प्रार्थना, रोज बायबल अभ्यास, भजनं, शेवटच्या रात्री साक्षी, सगळा कार्यक्रम कागदावर दाखवा. ते घर बौद्ध आहे. १९५६ साली दीक्षाभूमीवर ज्यांच्या आजी-आजोबांनी विचार करून धर्म निवडला, त्या घराला हा विषय किती मोलाचा असतो ते नागपूरकराला सांगायला नको. राज्यघटनेचं २८वं कलम सांगतं की मान्यताप्राप्त शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. ते कलम शाळांपुरतं आहे, पण मर्यादा म्हणून ती शिबिरातही पाळायला हवी. आईवडील दोघांची लेखी संमती हवी, आणि प्रार्थनेच्या वेळी त्या मुलीला बाहेर बसायची मोकळीक हवी. एवढं स्पष्ट सांगून ते नको म्हणाले तर चहा पिऊन या, मन खट्टू करू नका. खरं सांगायचं तर मैत्रीण नसेल तर तुमच्या मुलीला नळावरच्या त्या रांगेत नव्या ओळखी कराव्या लागतील, आणि त्या तिच्या जास्त उपयोगाच्या आहेत. पण हे तिला आत्ता सांगू नका.

फोनबद्दल एकच सुचवते. जमा करण्याची अट ऐकून ती चिडली तर "तुझ्या भल्यासाठीच" म्हणू नका. घरी रोज संध्याकाळी एक ठरलेला कॉल करता येतो का हे शिबिरवाल्यांना विचारा. मेळघाटात रेंजचा भरवसा नसतो, तेव्हा एखादा दिवस कॉल आला नाही तर घाबरायचं नाही हेही आधी ठरवा. बऱ्याच मुलांना पहिला दिवस खिसा चाचपण्यात जातो, तिसऱ्या दिवशी फोनची आठवण जेवणाच्या घंटेइतकीही राहत नाही. आईची मात्र तिसऱ्या दिवशी पंचाईत होते.

आणि ती नाहीच म्हणाली तर? तर या वर्षी नको. मे महिन्यात बऱ्याच मंडळ्यांमध्ये लहान मुलांचं व्हेकेशन बायबल स्कूल असतं, सकाळचे काही तास. तिथे गाणी शिकवायला, हस्तकलेचे कागद कापायला, नाटक बसवायला दहावीतली मुलं लागतातच. नाताळच्या नाटकातली जुनी कलाकार त्यांना हवीच असेल. मागच्या बाकावरची मुलगी पाच वर्षांच्या पोरांसमोर उभी राहते तेव्हा तिला स्वतःचा विश्वास तपासायला कुणी सांगावं लागत नाही, पोरंच विचारतात. क्लासही बुडत नाही, म्हणजे साहेबही खूश. पुढच्या वर्षी दहावी झाल्यावर शिबिराचं तीच विचारेल, असंही होऊ शकतं.

असं पत्र लिहिणाऱ्या इतर पालकांसाठीही सांगते, धर्म कुठलाही असो. निवासी शिबिर हे बिघडलेलं मूल दुरुस्त करून देणारं गॅरेज नाही, आणि मुलांना तसं पाठवलंय हे लगेच कळतं. "आत्याने सांगितलं म्हणून आलो" असं म्हणणारा मुलगा पाच दिवस भिंतीला टेकून बसतो. फी जास्त वाटत असेल तर पाळकांशी किंवा संयोजकांशी एकांतात बोला, बऱ्याच ठिकाणी सवलत असते आणि ती मुलासमोर मागायची नसते. भावंडं एकाच शिबिरात असतील तर वेगवेगळ्या गटात ठेवायला सांगा.

परतीच्या दिवशी, ताई, एक पथ्य पाळा. बसमधून उतरलेली मुलगी घामेजलेली, बसलेल्या आवाजाची आणि बहुधा चिडचिडी असेल. "काय शिकलीस? आता प्रार्थनेला बसशील ना?" हे दोन्ही प्रश्न सासूबाईंनाही विचारू देऊ नका. आंघोळ, जेवण, झोप. दोन-तीन दिवसांनी कपडे वाळत घालताना, भाजी निवडताना ती स्वतःहून काहीतरी सांगेल, आणि ते तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळं असेल. कदाचित एखाद्या ताईचा नंबर घेऊन आली असेल आणि तिच्याशी बोलत बसेल. हेवा वाटला तरी बोलू द्या.

फॉर्मची शेवटची तारीख तुम्ही कळवलेली नाही, पण एवढ्यात ती असणार. फॉर्म भरण्याआधी एका संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि सासऱ्यांचा विषय तुम्हीच काढा. त्या वेळी तुम्हालाही काय वाटलं होतं ते सांगा, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तुम्हीही देवाला काही विचारलं असेल तर तेही. मग तिला विचारा की ही गोष्ट शिबिरातल्या ताईंच्या कानावर घातली तर चालेल का. ती हो म्हणाली तरच घाला.